ढगाळ दुपारी विझणारा मीटर : एका ट्रकचं प्रकरण

तक्रार एका वाक्यात सांगून झाली. "उन्हात मीटर झकास दिसतो, रात्री झकास दिसतो, पण आभाळ भरून आलं की काही म्हणता काही दिसत नाही."

गाडी मोठी, मालवाहू, उंच केबिनची, २४ व्होल्टची. ड्रायव्हरसमोरच्या मीटरमध्ये दोन काटे आणि मधे रंगीत पडदा. वेग, ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचा दाब, डिझेल, सगळ्या सूचना तिथेच. दिव्यांचं बटण गोल फिरवायचं : शून्य, पार्किंग, हेडलाइट आणि ऑटो. ऑटोवर ठेवलं की बाहेर अंधारल्यावर गाडी आपले दिवे आपण लावते, आणि दिवे लागले की मीटर रात्रीच्या मंद उजेडावर जातो. ढगाळ हवेत भर दुपारी हेच होत होतं. हेडलाइट लागलेले, मीटर मंदावलेला, आणि ड्रायव्हर वाकून वाकून आकडे शोधतोय.

एवढंच असतं तर ही किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देता आली असती. पण ड्रायव्हर काका पुढे म्हणाले, "मिस्त्री, मी उपाय शोधलाय. बटण ऑटोवरून शून्यावर आणतो. मीटर लगेच लख्ख होतो." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शून्यावर पुढचे दिवसाचे दिवे चालू राहतात, पण मागचे दिवे पूर्ण बंद. म्हणजे आभाळ काळवंडलंय, रस्ता ओला, पाण्याचा फवारा उडतोय, आणि अशा वेळी एवढं मोठं धूड मागून येणाऱ्याला अंधारातच. मीटर वाचता यावा म्हणून माणूस मागचे दिवे विझवत होता. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. हवेच्या दाबाचा काटा दिसल्याशिवाय जड गाडी चालवायची नसते, हे ते बरोबरच शिकले होते. पण या दोनातलं एक निवडायची वेळ कुठल्याही ड्रायव्हरवर येता कामा नये. म्हणून हे प्रकरण मी अर्धवट सोडलं नाही, आणि म्हणूनच इथे तपशिलात लिहितोय.

गाडी माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे डॅशबोर्डवरचा प्रकाशाचा सेन्सर बदलला होता. फरक शून्य. मग कुणीतरी सल्ला दिला की सेन्सरच्या दोन वायरींमध्ये एक रेझिस्टर टाका, गाडीला उजेड जास्त वाटेल. रेझिस्टर मालकांच्या खिशात होता, लावायचा बाकी होता. जुना सेन्सर टूलबॉक्समध्ये पडून होता, आणि तो फेकला नव्हता हे माझं नशीब.

आधी डोळ्याने

मी ढगाळ दिवसाचीच वाट पाहिली. उन्हात हा दोष दाखवायला गाडी तयारच नव्हती, आणि जो दोष दिसत नाही त्यावर हात चालवू नये.

ढगाळ दुपारी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. बाहेर चांगला उजेड होता, सावली पडत नव्हती एवढंच. हेडलाइट लागले होते. मीटरकडे पाहिलं तर पहिल्यांदा दिसला माझा शर्ट. फिकट रंगाचा शर्ट होता, त्याची बटणं मीटरच्या काचेत मोजता येत होती. त्यामागे कुठेतरी आकडे होते.

इथे थोडा हिशोब मांडतो, कारण "मीटर मंद आहे" आणि "मीटर वाचता येत नाही" यातला फरक त्याने कळतो. माझ्या छातीवर सुमारे १,००० लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड पडत होता. फिकट कापड त्यातला दोन तृतीयांश तरी परत फेकतं, म्हणजे शर्टाची चकाकी चौरस मीटरला २०० कँडेलाच्या (चकाकी या एककात मोजतात) आसपास. मीटरवरच्या साध्या प्लॅस्टिक काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित करतो. म्हणजे प्रतिबिंबाची चकाकी ८ ते ९ कँडेला. रात्रीच्या पातळीवर ठेवलेला पडदा साधारण एवढाच उजेड देतो, कधी त्याहूनही कमी. आकडे आणि शर्ट बरोबरीला आले की डोळा काय वाचणार? शिवाय डोळा बाहेरच्या ढगाळ आभाळाला सरावलेला, बाहुली आकसलेली. रात्री हाच पडदा व्यवस्थित दिसतो, कारण तेव्हा शर्टही अंधारात असतो.

म्हणजे मीटरमध्ये बिघाड नव्हता. त्याला रात्र झाल्याचं सांगितलं जात होतं आणि तो इमानाने ते पाळत होता. स्कॅनर लावला तर तिथेही तेच. बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या, चालू माहितीत बाहेरच्या प्रकाशासमोर "रात्र" लिहिलेलं, आणि घड्याळात दुपारचा एक. दोषाचा कोड एकही नाही. कोड नसणं महत्त्वाचं आहे. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर मॉड्यूल तक्रार करतं. इथे मॉड्यूलला येणारा सिग्नल त्याच्या मते निरोगी होता, फक्त अंधाराचा होता.

मग मोजून

या गाडीत मॉड्यूल सेन्सरला आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतं. गाडी २४ व्होल्टची असली तरी ही सेन्सरची ओळ, म्हणजे तार, ५ व्होल्टचीच. तिला चुकूनही टेस्ट लॅम्प (तपासणीचा बल्ब) लावू नये, मल्टीमीटरच लावावा. सेन्सर म्हणजे फोटोडायोड. उजेड वाढला की त्यातून करंट वाढतो आणि ओळीवरचा व्होल्टेज खाली येतो. अंधारात जवळजवळ ५, प्रखर उन्हात शून्याजवळ.

काळं कापड टाकून ४.८ व्होल्ट मिळाले. कापड काढलं, त्या ढगाळ दुपारी, ४.१. कनेक्टर साफ, पिना घट्ट, अर्थिंगमध्ये काही गळती नाही. सेन्सरच्या टोपीवर डॅशबोर्डच्या पॉलिशचा चिकट थर होता, तो पुसला तर जेमतेम काही मिलिव्होल्टचा फरक. मग कापड हळूहळू सरकवत मॉड्यूलचे उंबरठे शोधले. ३.९ च्या वर गेलं की दिवे लागतात. एकदा लागले की ३.४ च्या खाली यावं लागतं, आणि तिथे साधारण अर्धा मिनिट टिकलं तरच विझतात. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर झाडांच्या सावलीतून जाताना दिवे सारखे लुकलुकत राहतील.

आता बाहेर किती उजेड होता? लक्समीटर उघड्या आभाळाखाली सपाट ठेवला : ९,००० लक्स. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा वाहनांच्या दिव्यांबाबतचा नियम क्रमांक ४८ अनेक देशांत पाळला जातो. त्यात आपोआप लागणाऱ्या दिव्यांसाठी स्पष्ट आकडे आहेत. १,००० लक्सच्या खाली दिवे २ सेकंदांच्या आत लागले पाहिजेत. ७,००० च्या वर ते विझले पाहिजेत, ५ सेकंदांहून उशिरा पण ३०० सेकंदांच्या आत. मधला पट्टा उत्पादकाच्या मर्जीवर. म्हणजे ९,००० लक्सला दिवे चालू राहण्याचं काहीच कारण नव्हतं. मी पाच मिनिटं घड्याळ लावून बसलो. विझले नाहीत.

मग सेन्सर खराब? टूलबॉक्समधला जुना सेन्सर जोडला. तोही ४.१. दोन वेगवेगळे सेन्सर एकच आकडा सांगत असतील तर दोघेही खोटं बोलत असण्यापेक्षा दोघेही खरं बोलत असण्याचा संभव जास्त.

टॉर्चची फसगत

आधीच्या गॅरेजमध्ये सेन्सर खराब ठरवला कसा, हे मी काकांना विचारलं. "मोबाइलचा टॉर्च मारला, मल्टीमीटरवरचा आकडा हलला नाही, म्हणून बदलला." मीही मारून पाहिला. खरंच हलला नाही. मग जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब असलेला हँडलॅम्प सेन्सरसमोर धरला. ४.१ चे थेट ०.४.

या प्रकरणाची किल्ली इथेच होती. मोबाइलचा टॉर्च म्हणजे पांढरा एलईडी. तो डोळ्याला दिसणारा उजेड भरपूर देतो, पण त्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे लालच्या पलीकडचे किरण, जवळजवळ नसतं. तारेच्या बल्बमधून बाहेर पडणाऱ्या किरणांत मोठा वाटा इन्फ्रारेडचाच. आणि या गाडीच्या सेन्सरची टोपी काळी होती. आपल्याला काळी दिसणारी ही टोपी इन्फ्रारेडला काचेसारखी पारदर्शक असते. खात्री करायची तर सोपं आहे : टोपी टीव्हीच्या रिमोटच्या टोकावर धरा, रिमोटचं बटण दाबा आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. टोपीआडून रिमोटचा दिवा चमकताना दिसला तर टोपी इन्फ्रारेड सोडतेय. इथे तो स्वच्छ दिसला. आतला सिलिकॉनचा फोटोडायोडही ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तल्लख असतो, आणि तो भाग डोळ्याच्या पलीकडचा.

सगळ्याच गाड्यांत असं नसतं. डोळ्याशी जुळवलेले सेन्सरही असतात आणि ते टॉर्चला नीट उत्तर देतात. पण टोपी काळी असेल तर टॉर्चच्या भरवशावर सेन्सर बदलू नका.

थोडक्यात, ड्रायव्हर आणि सेन्सर एकाच काचेतून बाहेर बघत होते, पण एकच आभाळ बघत नव्हते. मग माझी नजर काचेवर गेली.

काच, फिल्म आणि व्हायझर

समोरच्या काचेवर फिल्म होती. काळी नाही, अगदी स्वच्छ, उष्णता अडवणारी. अशी फिल्म उजेड येऊ देते आणि इन्फ्रारेड अडवते, तिचं कामच ते. (समोरच्या काचेवर फिल्म लावण्याबाबत बऱ्याच ठिकाणी बंधनं आहेत आणि काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे अशी अट सर्रास आढळते. लावण्याआधी आपल्याकडचा नियम बघावा.) शिवाय काचेच्या वर, बाहेरच्या बाजूला, उन्हासाठी मोठा व्हायझर बसवलेला. मालकांना विचारलं. फिल्म आणि व्हायझर एकाच वेळी बसवले होते, आणि तक्रार सुरू झाली ती त्यानंतरच्या पहिल्या ढगाळ आठवड्यात. मधे कडक उन्हाचे बरेच दिवस गेले, त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडलाच नाही.

फिल्म फाडून बघण्याआधी पुरावा हवा होता. बाजूच्या खिडकीलाही तीच फिल्म होती. मी सेन्सरला वायरचा तुकडा जोडून तो दाराच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या खाली धरला, शेजारी लक्समीटर. काच खाली : १,३०० लक्स, २.७ व्होल्ट. काच वर : ९५० लक्स, ४.४ व्होल्ट. लक्समीटर डोळ्याशी जुळवलेला असतो, त्याच्या लेखी पाव-एक उजेड कमी झाला. सेन्सरच्या लेखी मात्र ४.८ पासूनची घट २.१ वरून ०.४ वर आली, म्हणजे पाचातले चार भाग गेले. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर मालकांनी खिशातला रेझिस्टर काढून बाकावर ठेवला.

मग उन्हात हा दोष का दिसत नव्हता? उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात. पाचवा हिस्सा उरला तरी सेन्सरला तो पोटभर होतो, व्होल्टेज तळाला जातो आणि गाडीला दिवस दिसतो. रात्री तर प्रश्नच नाही. सेन्सरची खरी परीक्षा मधल्या पट्ट्यातच होते, आणि त्या पट्ट्यात ढग आणखी एक गोष्ट करतात. ढगातलं पाणी इन्फ्रारेडचा काही भाग शोषून घेतं. त्यामुळे डोळ्याला तेवढाच वाटणारा उजेड सेन्सरला उन्हातल्यापेक्षा अशक्त भासतो. फिल्मने आधीच उपाशी ठेवलेल्या सेन्सरच्या ताटातलं ढगांनी उरलंसुरलंही काढून घेतलं.

व्हायझरचा भाग मला जास्त रंजक वाटला. भरून आलेलं आभाळ आपल्याला सगळीकडे सारखंच राखाडी वाटतं, पण ते सारखं नसतं. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर यांनी १९४२ साली पूर्ण ढगाळ आभाळाचं सूत्र मांडलं आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. त्यानुसार डोक्यावरचं आभाळ क्षितिजापाशी असलेल्या आभाळाच्या तिप्पट तेजस्वी असतं. निरभ्र दिवशी बरेचदा उलट, सूर्याचा भाग सोडला तर क्षितिजाकडे आभाळ जास्त उजळ असतं. आता व्हायझर कुठे असतो? बरोबर वरच्या बाजूला. काचेच्या बुडाशी बसलेला सेन्सर आभाळाकडे तोंड करून असतो, आणि ढगाळ दिवशी जो भाग सर्वांत उजळ, नेमका तोच व्हायझर झाकतो. ड्रायव्हर मात्र समोर बघतो, त्याला काहीच कमी वाटत नाही.

व्हायझरचे स्क्रू सोडून तो तात्पुरता काढला. सेन्सर ४.१ वरून ३.८ वर आला. दिवे विझले नाहीत, आणि ते बरोबरच होतं : लागलेले दिवे विझायला ३.४ हवेत. नुसत्या व्हायझरने हा दोष झाला नसता आणि नुसता व्हायझर काढून तो गेलाही नसता. व्हायझर परत बसवला. उतरत्या उन्हात डोळ्यांवर येणारी तिरीप तोच अडवतो, त्याला बळी देण्यात अर्थ नव्हता.

रेझिस्टर का नाही

तरीही रेझिस्टरचा उपाय एकदा करून पाहिला, कारण तो स्वस्त आहे, दहा मिनिटांचा आहे, आणि लोक तो करतात. सेन्सरला समांतर, जागच्या जागी फिरवून किंमत बदलता येईल असा रेझिस्टर जोडला. ढगाळ उजेडात ३.४ येईपर्यंत फिरवला. दिवे विझले, मीटर लख्ख झाला. इथे थांबलो असतो तर सगळे खूश.

पण मग सेन्सरवर काळं कापड टाकलं. ४.० व्होल्ट. म्हणजे मिट्ट काळोखातही दिव्यांच्या उंबरठ्यापासून अंतर उरलं अवघं ०.१. संध्याकाळी दिवे लागायला बाहेर जवळपास १,५०० लक्सपर्यंत उतरावं लागलं असतं, आणि १,००० ला तर ते लागलेच पाहिजेत. उन्हाने तापलेल्या डॅशबोर्डवर रेझिस्टरची किंमत किंचित सरकली, कनेक्टरमध्ये थोडा ओलावा आला, किंवा मोठ्या पिवळ्या दिव्यांखाली गाडी उभी राहिली, तर रात्रीही गाडीला दिवस वाटू शकतो. फिल्मने उजेडाला पाचाने भागलं होतं. रेझिस्टर फक्त एक ठराविक रक्कम मिळवतो, अंधारातही तेवढीच. भागाकाराचं नुकसान बेरजेने भरून निघत नाही. रेझिस्टर काढून टाकला.

जे केलं ते

फिल्मला खिडकी पाडली. सेन्सर काचेपासून आठेक सेंटीमीटर आत होता. त्याच्या समोर काचेच्या बुडापासून वर २५ सेंटीमीटर आणि रुंदीला २० सेंटीमीटर, साधारण वहीच्या पानाएवढा चौकोन. अंदाजाने नाही. सेन्सरच्या जागी दोऱ्याचं टोक धरलं, दोरा व्हायझरच्या खालच्या कडेच्या रोखाने ताणला आणि काचेला तो जिथे लागला तिथे खूण केली. त्याच्या वरचं आभाळ तसंही व्हायझर झाकतो, तिथे फिल्म काढून फायदा नाही. कोपरे गोल ठेवले, कारण काटकोनातून फिल्म लवकर सुटते. ब्लेड अगदी हलक्या हाताने फिरवायचं. समोरच्या काचेवर ओरखडा राहिला तर रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात तो आयुष्यभर चमकतो. हेअर ड्रायरने गरम करून, साबणाचं पाणी मारत, चौकोन सोलून काढला.

पुन्हा मल्टीमीटर. आभाळ तसंच, बाहेर ९,००० लक्स : २.५ व्होल्ट. अर्ध्या मिनिटाने हेडलाइट विझले आणि मीटर उजळला. शर्ट काचेतून गेला. खरं तर तो तिथेच होता, पण आता आकडे त्याच्यावर भारी होते.

आधीच्या आकड्यांवरून हिशोब केला तर फिल्म असताना दिवे विझायला ढगाळ हवेत सुमारे १८,००० लक्स लागत होते. एवढा उजेड दाट ढगांच्या दिवशी क्वचितच मिळतो. म्हणजे अशा दिवशी सकाळी लागलेले दिवे रात्रीपर्यंत तसेच राहणार होते.

उष्णतेची काळजी मालकांना होती. चौकोन सेन्सरसमोर डॅशबोर्डवर उघडतो, ड्रायव्हरच्या अंगावर नाही. केबिन आता जास्त तापतं अशी तक्रार पुढे आली नाही.

उरलेलं अर्धं काम

सेन्सर सुधारला तरी एक गोष्ट शिल्लक होती आणि ती नजरेआड केली असती तर काका पुन्हा शून्यावर गेले असते. आभाळ खरोखर काळवंडतं तेव्हा २,०००-३,००० लक्सला दिवे लागणारच, आणि लागायलाच हवेत. पण २,००० लक्स हा दिवसच असतो. रात्रीच्या पातळीवरचा मीटर तेव्हाही वाचता येत नाही. या गाडीत मीटरला स्वतःचा सेन्सर नाही. दिवे लागले की मीटर मंद, एवढाच नियम. जुन्या वायरिंगमध्ये, जर्मन प्रमाणाच्या भाषेत, ५८ नंबरची तार पार्किंगच्या दिव्यांची आणि तिच्यातून डिमरमार्गे (डिमर म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं चाक) निघालेली ५८डी मीटरच्या उजेडाची. आता मधे तारांऐवजी मॉड्यूल आलं, पण नातं तेच राहिलं.

डिमर पाहिला तर दहापैकी दुसऱ्या पायरीवर. गाडी दोन ड्रायव्हर आलटून पालटून चालवतात. रात्री चालवणाऱ्याला उजेड डोळ्यात जातो म्हणून तो खाली आणतो. दिवसा दिवे बंद असतील तर डिमर फिरवून काही होत नाही, म्हणून दिवसाच्या ड्रायव्हरला तो निरुपयोगी वाटतो आणि तो हात लावत नाही. डिमर फक्त दिवे चालू असतानाच्या पातळीवर चालतो, हे दोघांपैकी कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट मलाही त्या दिवशीच कळली : या डिमरला वरच्या टोकाला, थोडा जोर देऊन ओलांडायची एक आणखी पायरी आहे. तिथे दिवे चालू असूनही मीटर दिवसाच्या पूर्ण उजेडावर राहतो. बऱ्याच गाड्यांत ही सोय असते, नेमकी अशाच हवेसाठी, पण पुस्तिका उघडल्याशिवाय ती सापडत नाही.

डिमरच्या चाकावर पांढऱ्या रंगाचे दोन बारीक ठिपके दिले, एक चौथ्या पायरीवर, एक त्या शेवटच्या पायरीवर. काकांना सीटवर बसवून दिवे हाताने लावले आणि दोन्ही ठिपके फिरवून दाखवले. "म्हणजे दिवे लागलेले ठेवून मीटर वाढवायचा," ते म्हणाले. तेवढंच. शेवटच्या पायरीवर चाक रात्री विसरलं तर मीटर डोळ्यात खुपतो, म्हणून अंधार पडताना खालच्या ठिपक्यावर आणायचं, हेही दोनदा सांगितलं.

मग संध्याकाळपर्यंत गाडी उघड्यावर उभी ठेवली. लक्समीटर छतावर, मल्टीमीटर ओळीवर. बाहेर ३,३०० लक्स असताना दिवे लागले. १,००० च्या कितीतरी आधी, म्हणजे उजेडाकडे झुकवताना आपण अंधाराची बाजू कच्ची केली नाही. गाडी अंधाऱ्या शेडमध्ये नेली तर दिवे लगेच, दोन सेकंदांच्या आत. दुसऱ्या दिवशी ढगाळ सकाळी ५,५०० च्या आसपास विझले. रस्त्यावर झाडांच्या बोगद्यातून, पुलाखालून फिरवून आणली, कुठेही लुकलुकले नाहीत. जुना सेन्सर आणि नवा सेन्सर पुन्हा एकदा अदलाबदल करून पाहिले, दोघांचे आकडे सारखेच. जुनाच परत बसवला आणि नवा, डबीत घालून, टूलबॉक्समध्ये ठेवला.

एक कागद मात्र गाडीच्या पुस्तिकेत चिकटवला आहे. काच बदलली, फिल्म नवी लावली किंवा व्हायझर मोठा बसवला, तर सेन्सरसमोरचा २० बाय २५ चा चौकोन मोकळा ठेवायचा, आणि उंबरठ्याचे दोन आकडे : ३.९ ला लागतात, ३.४ ला विझतात. सेन्सर तपासायचा तर तारेच्या बल्बने. मोबाइलचा टॉर्च नाही.